सासवण्याची म्हैस

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो मांडव्याला लागते, गाड्या उतरतात आणि पांगतात. काही गाड्यांत कुत्रे, बर्फाच्या पेट्या आणि आठवड्याच्या सुट्टीचं सामान असतं. त्या बंगल्यांकडे वळतात. उरलेल्यांच्या हातात मुंबईहून आणलेली औषधं, म्हाताऱ्यांचे नवे चष्मे, फारतर मिठाईचा एखादा पुडा असतो. ती माणसं रिक्षेची वाट बघतात. मी या दुसऱ्या जमातीतली. गेल्या फेब्रुवारीत मात्र माझ्याकडे औषधांच्या जोडीला एक प्लास्टिकची फाइलही होती. तिच्यात आमच्या वाडीचा सातबारा होता.

आमचं गाव सासवण्यापासून चार-पाच किलोमीटरवर. वाडी सगळी मिळून बेचाळीस गुंठ्यांची. नारळ, सुपारी, मधे चार आंबे, एक जुनी विहीर. रहाट कधीच गेला, पण रहाटाची दगडी बैठक अजून आहे. सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं. दोघे काका चाळीस वर्षांपूर्वीच मुंबईला गेले, तिकडेच निवृत्त झाले. त्यांची मुलं इकडे आली तर समुद्रावर जातात, वाडीत डास असतात म्हणून येत नाहीत. तिसरे भाऊ म्हणजे आमचे आप्पा. ते गावात राहिले, कारण कोणीतरी राहायला हवं होतं. आता एक पार्टी आली होती. एजंट गावातलाच, आप्पांचा जुना विद्यार्थी. तो आप्पांना अजून 'सर' म्हणतो आणि खुर्चीवर बसत नाही. भाव चांगला होता. काकांची काही चूक नव्हती. एकाच्या बायपासचे हप्ते चालू होते, दुसऱ्याच्या मुलाला घर घ्यायचं होतं. बोलणी रविवारी संध्याकाळी चार वाजता ठरली होती. मी शनिवारी आले, कारण आप्पा फोनवर काहीच बोलत नव्हते.

आप्पा कलाशिक्षक होते. १९७१ ते २००७, एकाच हायस्कुलात. आमच्या पंचक्रोशीत पन्नाशीच्या आसपासच्या निम्म्या लोकांनी त्यांच्याकडून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करून घेतली असेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. दर वर्षी परीक्षेआधीचे दोन महिने आमच्या ओटीवर पंधरा-वीस पोरं मांडी घालून बसलेली असायची. मधे पाटावर तांब्या, वांगं, एक कापड. पोरं पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी-उभी धरून मापं घेत, आणि आप्पा मागून फिरत एकच वाक्य म्हणत: "कागदाकडे नको, तांब्याकडे बघ."

स्मरणचित्राची गोष्ट वेगळी होती. त्यासाठी आप्पांनी ठरलेले साचे करून दिले होते. 'बाजारातील दृश्य' आलं तर पुढे पाठमोरी बाई, तिच्या डोक्यावर टोपली, मधे विक्रेता, मागे छप्परं. 'पाणवठा' आला तर तीच बाई, टोपलीच्या जागी हंडा. 'बसथांबा' आला तर हातात पिशवी. एका बाईवर आमच्या शाळेनं किती 'अ' श्रेण्या काढल्या याला हिशेब नाही. मी एकदा विचारलं होतं, "आप्पा, याला स्मरणचित्र कसं म्हणायचं? कोणाला काय आठवायचंय यात?" ते म्हणाले होते, "परीक्षेला दोन तास असतात. आठवायला वेळ नसतो."

ते स्वतः चित्र काढत नसत. शाळेचे फलक, गणपतीची मखरं, लग्नाच्या दारावरचं 'शुभविवाह' हे सगळं करत. पण स्वतःसाठी, कोणी न सांगता काढलेलं एकही चित्र आमच्या घरात नव्हतं. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. गणिताचे सर तरी घरी कुठे गणितं सोडवतात?

रविवारी सकाळी मात्र त्यांना घरात बसवेना. तीनदा वाडीत जाऊन आले. आई म्हणाली, "यांना कुठेतरी घेऊन जा गं, मला सुचू देत नाहीत." मी सहज म्हटलं, "चला, सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय बघून येऊ." बोलल्यावर माझ्याच लक्षात आलं, की मी तिथे एकदाच गेले होते, सातवीत, शाळेच्या सहलीबरोबर. त्या सहलीला आप्पा नव्हते. एरवी सगळ्या सहली त्यांच्याच. ओहोटी बघून कुलाब्याच्या किल्ल्यात, राजपुरीहून होडीनं जंजिऱ्याला, रायगडावर. सासवण्याला मात्र भूगोलाचे सर घेऊन गेले होते. मला त्या दिवसाचं एवढंच आठवत होतं, की तिथे एक म्हैस होती आणि तिच्या पाठीवर बसायला गेलेल्या दोघा पोरांना ओरडा बसला होता.

"तुम्ही गेलाच असाल कितीदा," मी म्हटलं.

आप्पा चप्पल घालत होते. "नाही," ते म्हणाले.

छत्तीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस. पाच किलोमीटरवर एवढ्या मोठ्या शिल्पकाराचं घर, आणि हा तिथे गेलेला नाही. मी काही विचारणार तेवढ्यात रिक्षा आली.

आवास-सासवण्याचा रस्ता एके काळी दोन्ही बाजूंनी कुंपणांचा होता. निवडुंग, मेंदी, झावळ्यांचे पडदे. कुंपणातून पलीकडचं दिसायचं. कोणाच्या वाडीत पाणी सोडलंय, कोणाची सुपारी वाळत पडली आहे, कोणाकडे पाहुणे आलेत. आता भिंती आहेत. चांगल्या आहेत, जांभ्या दगडाच्या, वर बोगनवेल सोडलेल्या. कनकेश्वराचा डोंगर तेवढा भिंतींच्या वरून दिसतो. आप्पा रिक्षेतून एकेका भिंतीकडे बघत जुन्या मालकांची नावं घेत होते. कोणाची पोरगी त्यांच्याकडे होती, कोणाचा मुलगा अक्षरलेखनात पहिला आला होता. वर्गात हजेरी घ्यावी तशी ती नावं येत होती, फक्त 'हजर' म्हणायला कोणी नव्हतं.

विनायक पांडुरंग करमरकर १८९१ मध्ये याच सासवण्यात जन्मले. घरात गणपतीच्या मूर्ती घडत, त्यामुळे माती हाताला लहानपणापासूनच लागली. पुढची गोष्ट इकडे बहुतेकांना पाठ असते. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलानं शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता आणि कलेक्टर होते ऑटो रॉथफिल्ड. फिरतीवर असताना त्यांनी ते चित्र पाहिलं, कोणी काढलं याची चौकशी केली आणि मुलाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घालण्याची व्यवस्था केली. तिथून रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या आग्रहानं करमरकर कलकत्त्याला गेले, तिथे स्टुडिओ थाटला. १९२० च्या सुमारास लंडनला जाऊन रॉयल अकादमीत शिकले. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. १९२८ मध्ये त्याचं अनावरण झालं. एवढा प्रचंड पुतळा एकसंध ओतलेला आहे, याचं अजूनही नवल करतात. 'शंखध्वनी'नं त्यांचं नाव देशभर झालं.

एवढं सगळं करून हा माणूस परत सासवण्याला आला. समुद्राजवळच्या आपल्या वाडीत राहिला, तिथेच काम करत राहिला. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्या घराचं आणि आवाराचंच पुढे शिल्पालय झालं.

आत शिरलं की संग्रहालयात आल्यासारखं वाटत नाही. झाडं, सावली, पाचोळा, मागून समुद्राची गाज. कोकणातल्या कोणत्याही बऱ्या स्थितीतल्या घराचं असतं तसं आवार. आणि त्यात माणसं आणि जनावरं अशी, जणू आत्ताच कोणीतरी त्यांना 'थांबा जरा' म्हणून सांगितलं आहे. घरात पुतळे, अर्धपुतळे, मुखवटे. थोर पुरुषांचे आहेतच, ते कोणत्याही शिल्पकाराला करावे लागतात, पोट त्यांच्यावर असतं. पण त्यांच्या शेजारी, तेवढ्याच मानानं, गावातल्या चेहऱ्यांची माणसं आहेत. कोळीण आहे. कष्टानं खांदे उतरलेली माणसं आहेत. मुलं आहेत.

आप्पा दारातच थांबले होते. मला वाटलं गुडघा दुखतोय. मग हळूहळू आत आले. पहिला अर्धा तास ते काही बोलले नाहीत. एका म्हाताऱ्याच्या डोक्यापाशी ते इतका वेळ उभे राहिले, की मी दोनदा पुढे जाऊन परत आले. शेवटी त्यांनी बोट केलं, स्पर्श न करता, हवेतच.

"हे बघ. कानामागे."

कानामागे काय असतं? मी पाहिलं. कानामागून मानेत उतरणारी एक शीर, आणि तिच्या शेजारी कातडी किंचित सैल झालेली.

"हे समोरून दिसत नाही," आप्पा म्हणाले. "कोणी बघणार नाही हे त्याला माहीत होतं. तरी केलंय."

मग ते सुरू झाले. ओटीवर पोरांना सांगायचे तसं, फक्त आवाज हळू. आधी सांगाडा उभा करायचा, त्यावर माती चढवायची. माती वाळता कामा नये, म्हणून काम थांबलं की ओलं फडकं गुंडाळायचं, रात्रीही उठून पाणी मारायचं. मूर्ती झाली की प्लास्टरचा साचा काढायचा, आणि साचा काढताना मातीची मूर्ती मोडतेच. "म्हणजे मूळ मूर्ती कोणीच बघत नाही. बघतात ती साच्यातली." ब्राँझमध्ये ओतायला पैसा लागतो, गिऱ्हाईक लागतं. गावातल्या म्हाताऱ्याला ब्राँझमध्ये कोण ओतणार? म्हणून सिमेंट. करमरकरांनी सिमेंटमध्ये पुष्कळ काम केलं. सिमेंट, वाळू, पाणी, गवंड्याचंच साहित्य.

"हे तुम्हाला सगळं माहीत होतं," मी म्हटलं.

"पुस्तकात असतं," ते म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. आणि मग ती म्हैस.

सातवीत ती मला मोठी वाटली होती. आता वाटलं, आपल्या गोठ्यातली असते तेवढीच आहे. बसलेली. जनावर दुपारी सावलीला बसतं, सगळं वजन जमिनीवर सोडून देतं, आणि तरी डोळा उघडा असतो, तशी. पोटाचा फुगार, बरगड्यांवरचं कातडं, मानेचा तो कंटाळलेला डौल. फेब्रुवारीचं ऊन झाडांतून तिच्या पाठीवर पडलं होतं. झाडं हलत होती, त्यामुळे ऊन हलत होतं, त्यामुळे पाठ हलते आहे असं वाटत होतं.

आप्पा तिच्यासमोर कट्ट्यावर बसले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "मी इथवर आलो होतो एकदा. पासष्ट साली."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. आईनंही नव्हतं, नंतर विचारलं तेव्हा कळलं.

आप्पा तेव्हा सोळा वर्षांचे होते. वाडीच्या तळ्याची चिकणमाती काढून त्यांनी आपल्या आजीचं डोकं केलं होतं. शाळेतल्या एका गुरुजींनी सांगितलं, अरे, हे नेऊन नानासाहेबांना दाखव. रॉथफिल्डची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊकच होती. घरून परवानगी मिळण्याचा प्रश्न नव्हता. पाऊस नुकताच ओसरला होता. ते डोकं ओल्या पंच्यात गुंडाळून, टोपलीत ठेवून, वर केळीचं पान घालून ते पहाटे निघाले. पाच किलोमीटर टोपली डोक्यावर घेऊन आले. रस्त्यात कोणी विचारलं काय आहे, तर म्हणाले पेरू आहेत.

"फाटकाशी आलो. उघडंच होतं. आत बघितलं तर झाडाखाली एक म्हैस बसलेली. मला वाटलं, ती उठून गेली की आत जाऊ. मारकी असली तर? उभा राहिलो. ती हलेना. किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. कान हलेना, शेपटी हलेना, माशी बसली तरी कातडं थरथरेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की ही त्यांनी केलेली आहे." ते थांबले. "मग टोपलीतलं आजीचं डोकं आठवलं. आणि मी मागे फिरलो."

"आणि ते डोकं?"

"वाटेत खाडीत सोडलं. गणपती सोडतात तसं. मातीच ती."

दोन वर्षांनी करमरकर गेले. जे. जे.ला जायचं आप्पांनी घरात एकदाच काढलं. पाच वर्षं मुंबईत कोण पोसणार, असं आजोबांनी विचारलं. त्याला उत्तर नव्हतं, आणि आप्पांनी शोधलंही नाही. काकांकडे राहून ए.टी.डी. केलं आणि नोकरीला लागले. "मला कोणी नाही म्हटलं नाही," ते म्हणाले. "मीच फाटकातून बघितलं आणि ठरवलं."

मी काय बोलणार? समोर ती म्हैस बसली होती, काही घडलंच नाही अशी.

थोड्या वेळानं आप्पा उठले. म्हशीभोवती एक फेरी मारली. वाकून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. मग फाटकापर्यंत गेले, तिथून वळून पाहिलं, परत आले. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता.

"काय झालं?"

"ती हिच्यासारखी नव्हती बसली," ते म्हणाले. "तोंड दुसरीकडे होतं. आणि जागाही ही नसावी." मग जरा थांबून, "खरी म्हैस असेल. पावसात भिजून गप्प बसलेली असेल."

आम्ही दोघंही हसलो. मला आधी हसू आलं, त्यांना नंतर. त्यांचं हसू लवकर थांबलं. साठ वर्षं ज्या म्हशीनं त्यांना अडवलं, ती करमरकरांची होती की कोणा शेजाऱ्याची दावं सोडून आलेली, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. मूर्ती मागाहून हलवलीही असेल. ते त्या वेळी सोळा वर्षांचे होते, आठवणीत सरमिसळ झाली असेल. मला त्यांच्या स्मरणचित्राच्या साच्यांची आठवण झाली. पाठमोरी बाई, टोपली डोक्यावर. ती टोपली कुठून आली हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. निदान मला तसं वाटलं. त्यांना विचारलं नाही.

परतताना आम्ही समुद्राकडून चालत थोडं अंतर गेलो. किनाऱ्यावर सुरूची झाडं, पलीकडे धुरकट मुंबई. या किनाऱ्यावर आता कलेला बरे दिवस आहेत. बामणसुऱ्याला दशरथ पटेलांच्या कामाचं संग्रहालय आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, चित्रं, भांडी, छायाचित्रं, कापलेल्या कागदांची कोलाजं सगळं ज्यांनी केलं, तो माणूस अखेरच्या वर्षांत इकडे राहिला. मी ते एका मैत्रिणीबरोबर पाहिलं होतं आणि खूप आवडलं होतं. तिथेही झाडं आहेत, शांतता आहे. मैत्रीण म्हणाली होती, "निसर्गाच्या सान्निध्यात कला बघण्याची मजाच वेगळी." मीही मान डोलावली होती.

त्या रविवारी मात्र हा 'निसर्ग' शब्द मला अडला. आमच्याकडे तो शब्द बोलण्यात येतच नाही. वाडी म्हणतात, आगर म्हणतात, खाजण म्हणतात, आणि या तिन्ही शब्दांत कोणाची तरी मेहनत असते. खाजणाला बांध घालून, उघाडी बसवून समुद्राला थोपवलं तेव्हा तिथे भात झाला. माडाची प्रत्येक रांग कोणीतरी दोरी धरून लावलेली आहे. सुपारीच्या बुंध्याशी पाटाचं पाणी पोचायचं म्हणून आमच्या पणजीनं रात्री-अपरात्री कंदील घेऊन पाळ्या दिल्या. लांबून बघणाऱ्याला ही हिरवी सावली आपोआप उगवल्यासारखी दिसते. करमरकर इथलेच होते, म्हणून असेल, त्यांनी हा देखावा घडवलेला नाही. त्यांनी देखाव्यात राबणारी माणसं घडवली, त्यांची जनावरं घडवली, आणि तीही त्याच सिमेंटमध्ये, ज्याच्या गोण्या आज मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत प्रत्येक वळणावर उतरताना दिसतात. सिमेंटचं काय करायचं हे शेवटी हातावर असतं, आणि त्याच्याही आधी डोळ्यावर.

पण हे विचार करायला मला सोपं होतं. मी ठाण्यात राहते. चार माळ्यांच्या सिमेंटच्या इमारतीत.

चार वाजता काका आले, पार्टी आली. पार्टी म्हणजे मुंबईचं एक चाळिशीचं जोडपं. बोलायला चांगलं होतं. बाईंनी आईच्या हातचे पोहे मागून घेतले. "आम्ही झाडं तोडणार नाही," त्या आप्पांना आपणहून म्हणाल्या. "आम्हाला निसर्गच तर हवाय." मला वाटतं त्यांच्या मनातही तेच होतं. आप्पांनी मान हलवली. एजंट भिंतीला टेकून उभा होता. आकडे झाले, साठेखताची तारीख झाली, मोजणीचं ठरलं. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं.

मला दोन गोष्टींची भीती होती. एक म्हणजे ते नाही म्हणतील, आणि मग तिघा भावांचं उरलेलं आयुष्य कोर्टात जाईल. दुसरी म्हणजे ते हो म्हणतील.

ते म्हणाले, "माझी हरकत नाही. पण ताबा दसऱ्यानंतर. एक पावसाळा मला वाडीत जाऊ द्या."

"सर, आंब्याचं उत्पन्न घ्यायचं असेल तर ते काय, आपण लिहून घेऊ," एजंट म्हणाला.

"उत्पन्न नको. मला बघायचीय."

धाकटे काका जरा वैतागले. पंचाहत्तर वर्षं बघतच होता की, असं ते माझ्याकडे बघून पुटपुटले. पण पार्टीला घाई नव्हती, तेही एक पावसाळा थांबायला तयार झाले.

पंचाहत्तर वर्षांत त्यांनी वाडी पाहिली नव्हती असं नाही. पाणी पोचलं का ते पाहिलं होतं, नारळ उतरवायला झाले का ते पाहिलं होतं, कोण कुंपण सरकवतंय तेही पाहिलं होतं. पण "कागदाकडे नको, तांब्याकडे बघ" हे वाक्य त्यांनी हजारो पोरांना सांगितलं आणि स्वतःला एकदाही सांगितलं नसावं.

जूनमध्ये पाऊस लागला. मी पंधरा दिवसांनी जायची. आई फोनवर सांगायची: आज इरलं पांघरून रहाटाच्या बैठकीवर दोन तास बसले होते. आज सुपारीचा बुंधा काढला, चारदा. शाळेच्या जुन्या कोऱ्या वह्या माळ्यावरून काढल्यात, वाळवी लागलेल्या. मी वह्या पाहिल्या. त्यांत देखावा एकही नव्हता. विहिरीच्या काठाचा घासलेला दगड, दोरानं पडलेल्या खाचांसकट. आळ्यात साचलेलं पाणी. माडाच्या खोडावर चढण्यासाठी पाडलेले खाचे, एकाखाली एक, पानभर. रेघ कापरी होती, त्यांचा हात आता थरथरतो. काही चित्रं चांगली होती, काही नव्हती. ज्या पानावर पाणी पडलं होतं ते त्यांनी तसंच राहू दिलं होतं.

दसऱ्यानंतर ताबा दिला. त्या सकाळी मीही होते. मोठे काका आले नाहीत, धाकटे आले आणि विहिरीपाशी उभे राहून अचानक रडले. आप्पा रडले नाहीत. त्यांनी घमेलं घेतलं, तळ्याच्या काठाची चिकणमाती खणून भरली, आणि मला म्हणाले, "धर एका बाजूनं. जड आहे."

आम्ही दोघांनी ते घमेलं रस्त्यानं घरी आणलं. वाटेत एजंटाची मोटरसायकल थांबली. "सर, काय नेताय?"

"पेरू," आप्पा म्हणाले.

आता ओटीच्या कोपऱ्यात, जिथे पोरं बसायची तिथे, पाटावर काहीतरी उभं आहे. त्यावर ओला पंचा असतो. आईची तक्रार आहे, की रात्री दोनदा उठून त्यावर पाणी मारतात आणि लादी ओली होते, कोणीतरी पडेल. मी दिवाळीत गेले तेव्हा विचारलं, "पणजी आहे का?" ते म्हणाले, "चेहरा नीट आठवत नाही. कानामागचं आठवतंय. तिथून सुरुवात केलीय."